काटा दीडवर

डंडी शहर, एप्रिल. टे नदीवरचा वारा
रिकाम्या रस्त्यांतून एकटाच हिंडतोय, त्याला कुणी हटकत नाही.
मलाही परवानगी आहे म्हणे.
कागदावर लिहिलंय: लक्षणं नसतील तर,
अंतर राखता येत असेल तर.
दोन मीटर. माझा सगळ्यात लांब पाना
दीड फुटाचा.

सकाळी ब्रॉटी फेरीला होतो, समुद्राकडे तोंड केलेल्या घरात.
घरी बसून बसून त्यांना जुन्या नळांचा कंटाळा आलाय,
पितळी हवेत.
मालक दारातूनच म्हणाला, आम्ही दोघंच असतो, ठणठणीत.
सिंकखाली उताणा पडून मी नट सोडवत होतो
तेव्हा वरच्या मजल्यावर कुणीतरी खोकलं.
तिसरं कुणीतरी.
मग दार लागल्याचा आवाज,
मग रेडिओ मोठा झाला.

तिथूनच निघायला हवं होतं.
मी नट आवळला. दुसरा आवळला.
धंदा गेल्या वर्षीच सुरू केलेला,
मदतीच्या तक्त्यात माझं वर्ष बसत नाही,
व्हॅनचा हप्ता मात्र बरोबर बसतो, तीन तारखेला.
एकशे ऐंशी पौंड पायरीवर ठेवले होते, वर एक दगड.
उचलले.

आता दुपार. एफी रॅटरेच्या घरासमोर मी व्हॅनमध्येच.
वय त्र्याऐंशी, बॉयलर चार दिवस थंड.
खिडकीत ती, अंगात ओव्हरकोट, डोक्याला रुमाल,
जणू स्वतःच्याच स्वयंपाकघरात बसची वाट बघतेय.
हात धुतलेत, दोनदा. मास्क लावलाय.
पण तो खोकला माझ्या शर्टात शिरून बसलाय का
हे कुठल्या मीटरवर बघायचं?
गॅस गळत असेल तर नाक सांगतं,
भिंतीत पाणी मुरत असेल तर तळहात.
याचं काहीच हाताला लागत नाही.

गेलो नाही तर ती गारठेल.
गेलो तर

मागच्या हिरवळीवरून खिडकीशी गेलो, काच वाजवली.
म्हटलं, आत येत नाही, सांगतो तसं करा.
ती नुसती बघत राहिली. मग स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं
आणि माझ्या मास्ककडे दाखवलं.
तेव्हा उमगलं. तागाच्या गिरणीत तीस वर्षं,
मागांच्या खडखडाटात कान गेलेले.
त्या बायका ओठ वाचायच्या,
दहा मागांपलीकडून एकमेकींची लग्नं, भांडणं, पगार वाचायच्या.

मास्क काढला. माझा श्वास काचेवर धुकं होऊन बसला,
माझ्या बाजूला.
बाहीनं पुसला. एक पाऊल मागे सरलो.

खाली. दोन. काळ्या. चाव्या.
एकेक शब्द, लहान मुलाला घास भरवावा तसा.
ती वाकली, दिसेनाशी झाली,
बराच वेळ ओट्याची कड धरलेला एकच हात.
मग तो वर आला, बोटं वळवून विचारू लागला: इतकं?
अजून. हळू. काटा बघा.
एक बोट. मग एक आणि अर्धं.
थांबा, थांबा, थांबा,
हिरवळीवर मी वाहतूक पोलिसासारखा हात पसरून,
शेजारीण पडद्याआडून बघतेय.

ज्योत पेटली ती मला दिसली नाही.
एफीनं रुमाल सोडला तो दिसला.

खिडकीच्या फटीतून पैसे सरकवू लागली, मी नको म्हटलं,
नुसत्या ओठांनी. तिनं हातांनी काहीतरी उत्तर दिलं,
मागावरच्या बोलीत, भरभर.
शिवी असावी.

यातून काय धडा घ्यायचा ते मला विचारू नका.
ते एकशे ऐंशी अजून खिशात आहेत.
उद्या नऊला स्ट्रॅथमार्टिन रोड, छतातून गळती,
घरात तान्हं मूल.
छत काचेतून दुरुस्त होत नाही.

रात्री कपाळाला हात लावून बघतो.
माझे हात कायमच गरम.
त्यांना काय कळणार.